हातचा कुठून आला?

सप्टेंबर महिना म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या सत्राचा मध्य ओलांडल्याचा काळ. जूनमधल्या प्रवेशोत्सवाचे कौतुक ओसरलेले असते, वह्यांची कव्हरे कोपऱ्यांत फाटलेली असतात आणि दिवाळीपूर्वीच्या परीक्षेला अजून थोडा अवधी असतो. पहिलीतली मुले काना, मात्रा आणि वेलांटीशी झटत असतात. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास चाललेला असतो आणि त्या वर्गातून अधूनमधून ‘जय शिवाजी’ असा घोष बाहेर ऐकू येतो. या दोन्हींच्या मध्ये, दुसरी-तिसरीच्या फळ्यावर, एक गोष्ट फारसा गाजावाजा न करता शिकवली जात असते. ती म्हणजे हातच्याची वजाबाकी.

मोठ्यांना हा विषय क्षुल्लक वाटतो. त्रेसष्टातून अठ्ठावीस वजा करायला कोणाला कागद लागतो? पण आठ वर्षांच्या मुलापुढे ही पायरी आली की त्याला पहिल्यांदा कळते की समोर दिसणाऱ्या आकड्यांवर जशीच्या तशी क्रिया करून चालत नाही. आकड्याच्या आत काय आहे ते पाहावे लागते. ज्याला ते दिसते, त्याची गणिताशी मैत्री होते. ज्याला दिसत नाही, ते मूल युक्त्या पाठ करू लागते आणि पुढे भागाकार, अपूर्णांक आणि दशांश येतात तेव्हा पाठ केलेल्या युक्त्या पुरत नाहीत.

सांगलीतल्या एका घरात या महिन्यात नेमके हेच घडले. तिसरीतली नात दप्तर उघडून बसली होती. समोर गणित होते ६३ वजा २८. आजोबांनी चाळीस वर्षे पेठेत किराणा आणि हळदीचे दुकान चालवलेले. रोजकीर्द आणि खतावणी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली, वर्षअखेरीस एका पैशाचाही फरक राहू दिला नाही असा त्यांचा लौकिक. नातीने ६३ मधल्या सहावर काट मारली, वर पाच लिहिले, तीनाच्या जागी तेरा केले, तेव्हा आजोबा म्हणाले, “अगं, आकडे असे खोडायचे नसतात. मी सांगतो तसं म्हण. तीनातून आठ जात नाहीत. तेरातून आठ गेले, राहिले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन. सहातून तीन गेले, राहिले तीन. उत्तर पस्तीस.”

उत्तर बरोबर होते. नातीचेही पस्तीसच येणार होते. पण दुसऱ्या दिवशी वर्गात तिने दोन्ही गोष्टी एकदम केल्या. बाईंनी शिकवल्याप्रमाणे सहाचे पाच केले आणि आजोबांनी शिकवल्याप्रमाणे खालच्या दोनात एक मिळवून तीन केले. तेरातून आठ गेले पाच. पाचातून तीन गेले दोन. उत्तर आले पंचवीस. बाईंनी उत्तराखाली लाल रेघ ओढली. संध्याकाळी मुलीने वही मिटून ठेवली आणि आईला एवढेच सांगितले, “मला वजाबाकी येत नाही.”

या वाक्याकडे घरातल्यांनी फार काळजीपूर्वक पाहायला हवे. मुलीला वजाबाकी येत होती. तिला दोन चांगल्या रीती मिळाल्या होत्या. मात्र त्या दोन आहेत हे कोणी सांगितले नव्हते. दोन बरोबर रीतींची सरमिसळ झाली की उत्तर चुकते आणि मूल चूक रीतीची मानत नाही, स्वतःची मानते. ‘मला गणित जमत नाही’ हा ग्रह बहुधा अशाच एखाद्या संध्याकाळी मनात शिरतो आणि पुढे दहावीपर्यंत, क्वचित आयुष्यभर, बाहेर निघत नाही.

आजोबांनी पुन्हा वही उघडायला लावली. तेव्हा मुलीने एक साधा प्रश्न विचारला. “आजोबा, तुमचा हातचा एक कुठून आला? बाईंचा हातचा दशकाच्या घरातून येतो. तुमचा कुठून येतो?” ज्यांनी चाळीस वर्षांत लाखो रुपयांच्या बेरजा-वजाबाक्या केल्या, त्या आजोबांकडे उत्तर नव्हते. त्यांना त्यांच्या गुरुजींनी तसे म्हणायला शिकवले होते आणि त्यांनी ते म्हटले होते. हातचा घेतला की पुढे मिळवायचा, एवढेच ठाऊक होते.

शाळेत आज जी रीत शिकवतात, तिचे मर्म ‘मोड’ या एका शब्दात आहे. त्रेसष्ट म्हणजे दहाच्या सहा नोटा आणि सुटे तीन रुपये. दुकानदाराला आठ रुपये सुटे द्यायचे आहेत आणि हातात सुटे तीनच आहेत. मग दहाची एक नोट मोडायची. आता दहाच्या नोटा राहिल्या पाच आणि सुटे झाले तेरा. एकूण रक्कम तेवढीच राहिली, फक्त तिचे रूप बदलले. तेरातून आठ दिले, पाच उरले. पाच नोटांतून दोन दिल्या, तीन उरल्या. वर्गात हेच दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून, ते सोडून, किंवा खेळण्यातल्या नोटा वापरून दाखवले जाते. काट मारून वर पाच लिहिणे म्हणजे घसाघसा खोडणे नव्हे. मोडलेल्या नोटेची ती नोंद आहे. रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसाला ही नोंद खरे तर पटायला हवी.

या ठिकाणी अनेक घरांत ‘शेजारच्या घरातून एक उसना घेतला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. शब्द गोड आहे, पण फसवा आहे. उसने घेतलेले परत करावे लागते आणि इथे कोणी काही परत करत नाही. विचारी मूल मनातल्या मनात वाट पाहत राहते की हा उसना केव्हा फेडायचा. ‘मोड आणली’ म्हटले की शंका उरत नाही.

आजोबांच्या रीतीचे मर्म निराळे आहे आणि तेही तितकेच सुंदर आहे. समजा, आजी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि धाकटा काका अठ्ठावीस वर्षांचा. दोघांच्या वयांत अंतर आहे पस्तीस वर्षांचे. दहा वर्षांनी आजी त्र्याहत्तर वर्षांची होईल, काका अडतीस वर्षांचा. अंतर मात्र पस्तीसच राहील. दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली तर त्यांच्यातला फरक बदलत नाही. जुनी रीत याच तत्त्वावर उभी आहे. वरच्या संख्येत दहा मिळवले, पण ते एककाच्या घरात, म्हणून तीनाचे तेरा झाले. खालच्या संख्येतही दहाच मिळवले, पण ते दशकाच्या घरात एक म्हणून, म्हणून दोनाचे तीन झाले. आजोबांचा हातचा कोणाच्या घरातून आला नव्हता. तो दोन्ही बाजूंना सारखाच वाटलेला होता.

जुन्या रीतीचा एक मोठा गुण शून्यापाशी दिसतो. तिसरीत तीन अंकी संख्या येतात आणि ३०४ वजा १२६ असे गणित समोर आले की अनेक मुले थबकतात. चारातून सहा जात नाहीत, म्हणून दशकाच्या घरी मोड मागायला जावे तर तिथे शून्य. मग शतकाची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा करायच्या, त्यांतली एक पुन्हा मोडून सुटे करायचे. आता शतके दोन, दशके नऊ, एकक चौदा. उत्तर १७८. दोनदा मोड करावी लागते आणि मधल्या शून्याचे नऊ का झाले हे मुलाला उमगावे लागते. जुन्या रीतीत हा प्रश्नच येत नाही. चौदातून सहा गेले आठ, हातचा एक. दहातून तीन गेले सात, हातचा एक. तीनातून दोन गेले एक. उत्तर तेच. ज्यांना दिवसभर लांबलचक रकमांशी काम करायचे होते, त्यांना ही रीत का आवडली ते यावरून समजते. वेग हवा असेल तेथे ती सरस आहे.

मग शाळांनी दुसरी रीत का धरली? कारण शाळेचे काम लहान मुलाला हिशेबनीस बनवण्याचे नाही. संख्येची घडण समजावून देण्याचे आहे. या दोन रीतींची तुलना जगात पुष्कळ झाली आहे. अमेरिकेत ब्राउनेल आणि मोझर या संशोधकांनी १९४९ साली तिसरीच्याच मुलांच्या वजाबाकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेली गोष्ट मार्मिक आहे. मोड करण्याची रीत अर्थ समजावून शिकवली तर मुलांना तिचा चांगला लाभ होतो. समान भर घालण्याच्या रीतीचे कारण मात्र त्या वयात समजावणे कठीण जाते. म्हणजे प्रश्न कोणती रीत खरी हा नाही. आठ वर्षांच्या मुलाला कोणत्या रीतीमागचे कारण हातात धरून पाहता येईल, हा आहे. गठ्ठा सोडता येतो, नोट मोडता येते. वयातले अंतर मात्र डोळ्यांपुढे मांडता येत नाही, त्यासाठी विचाराची आणखी एक पायरी चढावी लागते.

मराठी मुलांच्या वाटेत आणखी एक काटा आहे, तो भाषेचा. आकडा लिहिताना दशक आधी येतो आणि एकक नंतर. बोलताना मात्र ‘त्रेसष्ट’मधले तीन आधी कानावर पडतात आणि साठ मागून. म्हणून नवखे मूल त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिते. त्यातच एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावे तर चक्क वजाबाकीच सांगतात. तिसाला एक कमी, चाळिसाला एक कमी. कन्नडसारख्या भाषेत वीस आधी आणि एक मागून येतो, त्यामुळे तिथल्या मुलाचे काम थोडे हलके होते. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते वाचकांना आठवत असेल. वृत्तपत्रांतून लेख आले, विधानसभेतही विषय निघाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची मुलांना होणारी अडचण शांतपणे मांडली होती. वादाचे पारडे कोणाकडेही झुको. त्या निमित्ताने एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. घरी सहज बोलली जाणारी संख्यांची नावे मुलासाठी सहज नसतात. त्रेसष्ट म्हणजे ‘साठ आणि तीन’ हे एकदा उलगडून सांगितले की मगच नोट मोडण्याची गोष्ट सुरू करता येते.

हे सारे एका घरापुरते असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणारा ‘असर’ हा अहवाल २००५ पासून प्रसिद्ध होतो. त्यात पाहणी करणारे घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवून गणित घालतात आणि वजाबाकीसाठी जी कसोटी लावतात ती नेमकी हीच आहे. दोन अंकी, हातच्याची वजाबाकी. तिसरीतल्या मुलांपैकी ती करू शकणारी मुले २०१८ साली २८.२ टक्के होती. कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्या, त्यानंतर २०२२ साली हे प्रमाण २५.९ टक्क्यांवर उतरले. २०२४ साली ते ३३.७ टक्क्यांपर्यंत चढले. चढण आनंदाची आहे; तरी तीन मुलांतली दोन अजून या पायरीखाली उभी आहेत, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने दुसरीच्या अखेरीस ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी असे लक्ष्य ठरवले आणि तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाचा वाचनाचा व अंकगणिताचा पाया पक्का व्हावा यासाठी २०२६-२७ हे वर्ष मुक्रर केले. शासन, शाळा आणि शिक्षक त्यांच्या परीने झटत आहेत. पण संध्याकाळचा एक तास घराच्या हातात असतो आणि त्या तासात पायरी बांधलीही जाते, ढासळतेही.

सांगलीच्या त्या घरात पुढे जे झाले ते अगदी साधे होते. पालकसभेच्या दिवशी आईबरोबर आजोबाही शाळेत गेले. त्यांनी बाईंना विचारले, “तुम्ही कसं शिकवता ते मला एकदा दाखवाल का?” बाईंना क्षणभर आश्चर्य वाटले असावे; आजोबा-आजी बहुधा तक्रार घेऊन येतात, शिकायला येत नाहीत. त्यांनी टेबलावर काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडल्या, एका गठ्ठ्याचा रबर काढला आणि काही न बोलता काड्या सुट्यांत मिसळल्या. आजोबांना दुकानातला गल्ला आठवला. सकाळी दुकान उघडले की पहिले काम म्हणजे मोड आणून ठेवणे. मग त्यांनीही बाईंना आपली रीत सांगितली आणि नातीचा प्रश्न पुढे ठेवला. वयांच्या अंतराचे उदाहरण बाईंनी तिथेच सुचवले. ज्या प्रश्नाने आजोबांना चार दिवस गप्प केले होते, तो पाच मिनिटांत सुटला.

घरी आल्यावर आजोबांनी नातीला सांगितले, “बाळा, तू बरोबर होतीस, मीही बरोबर होतो. आपण दोघांनी मिळून चूक केली. आता शाळेची रीत तू कर. माझी रीत चौथीत गेलीस की शिकवीन.” मग त्यांनी तिला दुकानदाराची तिसरी रीत गंमत म्हणून दाखवली. गिऱ्हाइकाने अठ्ठावीस रुपयांचा माल घेतला आणि शंभराची नोट दिली. दुकानदार वजाबाकी करत नाही, पुढे मोजत जातो. अठ्ठावीसवर दोन ठेवले, तीस झाले. वीस ठेवले, पन्नास झाले. पन्नास ठेवले, शंभर झाले. हातावर पडले बहात्तर. मुलीने वहीत मोड करून पाहिले, उत्तर बहात्तरच आले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू परत आले.

शून्यापाशी अडखळणाऱ्या मुलांसाठी एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ दक्षिणेत दीर्घकाळ अभ्यासला गेला. शून्य वजा केले तर संख्या बदलत नाही, शून्याने गुणले तर शून्यच येते, हे त्यांनी नीट सांगितले. पण शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते, असेही त्यांनी म्हटले आणि तेथे ते चुकले. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला निराळे नाव देऊन ती अनंत मानली. त्या प्रश्नाचा पूर्ण उलगडा व्हायला आणखी कित्येक शतके जावी लागली. एवढ्या मोठ्या आचार्यांनाही शून्याने चकवले, तर ३०४ मधल्या शून्यापाशी आठ वर्षांचे मूल थांबले यात लाजण्याजोगे काही नाही. चुकलेल्या मुलाला ही गोष्ट सांगितली की चुकीची भीती निम्मी होते.

या महिन्यात ज्या घरांत दुसरी-तिसरीची मुले आहेत, तेथे तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, सुधारण्याआधी विचारावे. ‘असं नाही’ म्हणण्यापूर्वी ‘बाईंनी कसं शिकवलं ते मला सांग’ असे म्हणावे. सांगता सांगता मुलाचे अर्धे गणित आपोआप स्वच्छ होते. दुसरी, दहाच्या दहा नोटा आणि रुपयाची वीस नाणी एका डब्यात वेगळी ठेवावीत. किराणा, भाजी, दूध यांचा हिशेब मुलाच्या हातून त्या डब्यातून करवून घ्यावा आणि नोट खरोखर मोडू द्यावी. मोबाइलवर पैसे देण्याच्या आजच्या काळात कित्येक मुलांनी सुटे पैसे हाताळलेलेच नसतात, त्यामुळे ‘मोड’ हा शब्द त्यांना पुस्तकातच भेटतो. तिसरी, उत्तर चूक की बरोबर हे मोठ्यांनी सांगू नये. मुलाला ताळा पाहायला शिकवावे. वजा केलेली संख्या उत्तरात मिळवली की मूळ संख्या परत यायला हवी. पस्तीस आणि अठ्ठावीस, त्रेसष्ट. ताळा जमला तर मूल स्वतःच्याच बळावर निश्चिंत होते. नाही जमला तर स्वतःच परत वळते. लाल रेघेची वाट पाहावी लागत नाही.

सांगलीच्या त्या घरात हल्ली संध्याकाळी एक नवा क्रम चालू आहे. नात ३०४ वजा १२६ यासारखे एखादे गणित घालते, आजोबा त्यांच्या रीतीने तोंडी उत्तर सांगतात आणि नात वहीत ताळा पाहते. एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे सव्वीस, तीनशे चार. बरोबर आले की ती उत्तराखाली निळ्या पेनाने एक छोटीशी खूण करते. परवा आजोबा एकदा हातचा मिळवायला विसरले. नातीने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “आजोबा, ताळा जमत नाही. पुन्हा एकदा करा.” आजोबांनी चष्मा पुसला आणि गणित पुन्हा केले.